इरफानचा फोन का वाजला नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठाणे. डायलिसिस. इरफानला मशीनवर घेतलं आणि मी चहाला निघाले, तर सिस्टर म्हणाली, को-ऑर्डिनेटर मॅडमनी बोलावलंय. यादीचं सगळं त्याच बघतात. किडनी आली की कोणाला बोलवायचं, ते. मला वाटलं एखादं झेरॉक्स राहिलं असेल.

म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी कुठे होतात तुम्ही?"

घरीच. कुठे जाणार.

"किडनी आली होती, यादीत इरफानभाईंचा नंबर लागत होता. त्यांच्या फोनवर केला तर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. मग तुमच्या फोनवर केला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा पुन्हा करून बघितलं. शेवटी पुढच्या पेशंटला बोलवलं. थांबता येत नाही हो आम्हाला."

बहुतेक "बरं" म्हणाले.

रविवारी संध्याकाळी इरफान यंत्रमागाच्या कारखान्याच्या पायरीवर बसून मॅच बघत होता. त्याच फोनवर. आणि माझा फोन ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकून, डोळ्यांसमोर. भाकऱ्या करत होते. वाजला नाही. वाजला असता तर पिठाच्या हाताने उचलला असता. आत्ताही बघितलं, कॉल लिस्टमध्ये रविवार संध्याकाळचं काही नाही.

मग रिंग गेली कुठे?

इ.ला मशीनवर असतानाच सांगितलं. नाहीतर सिस्टरकडून कळलं असतं. येताना रिक्षा कशेळीला अडकली तेव्हा म्हणाला, "ज्याला मिळाली त्याला आता लघवी होत असंल, नाय गो?" आणि हसला. त्याची स्वतःची बंद होऊन दोन वर्षं झाली. मला हसता आलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

गोडाऊनला गेले, पण डोकं तिथे नाही. दोनदा चुकीच्या गाडीची पावती फाडली. वैशालीने विचारलंच. (शेजारचं टेबल, पडघ्याहून येते, आमच्या डिस्पॅचमधली माझी एकटी मैत्रीण.) सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "आता लाव त्याला फोन. माझ्याम्होरं लाव."

लावला. लागला.

"काय गो?"

"कुठे आहेस?"

"नाक्यावर. का?"

काही नाही म्हटलं आणि ठेवला. म्हणजे फोन बिघडलेला नाही.

संध्याकाळी घरी. इ. पलंगावर, फोनवर कुठलातरी व्हिडिओ चाललेला, आवाज मोठा. मी दारात उभी राहून माझ्या फोनवरून त्याला लावला. "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे." ती व्यक्ती समोर पलंगावर. रेंजच्या चारही दांड्या भरलेल्या. नेट फुल्ल.

पुन्हा लावला. तेच. तिसऱ्यांदा लागला.

इ. उठून बसला. दोघेही त्या फोनकडे बघत राहिलो. रागच यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा जे वाटलं ते – हे होतं कसं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल डाय. होतं. हॉस्पिटलात फोन नीट वाजतो. नाक्यावर वाजतो. घरी आणि कारखान्यात कधी वाजतो, बहुतेक वेळा नाही. पण व्हॉट्सॲपवरून केला तर घरीसुद्धा पहिल्या झटक्यात. म्हणूनच आम्हाला कळलं नाही इतके महिने. घरचे, पाहुणे, सगळे व्हॉट्सॲपवरच करतात. साधा फोन करतात ते फक्त बँकवाले, आणि हॉस्पिटल.

हा सेट अल्ताफने पाठवला, माझ्या दिराने. दुबईला असतो. इ.चं डायलिसिस सुरू झालं तेव्हा म्हणाला, भाईजानला चार-चार तास पडून राहायचंय, चांगला मोठा स्क्रीन पाहिजे. आज त्याच्याशी बोलले, फोन वाजत नाही एवढंच, किडनीचं नाही सांगितलं. तेवढंही त्याच्या मनाला लागलं. "भाभी, यहाँ तो एकदम मस्त चलता है. माझ्याकडे पण तोच आहे." मग, "सिम खराब असेल तुमचं."

त्याच्याशी बोलायला वेगळं ॲप लागतं. तिथे व्हॉट्सॲपवरून मेसेज जातात, बोलता येत नाही. तिथल्या कंपन्या चालू देत नाहीत. इतकी वर्षं हे माहीत होतं, पण कधी विचार केला नव्हता. तोच फोन, तेच ॲप, समुद्र ओलांडला की मुकं.

८ नोव्हेंबर, शनिवार

अल्ताफ म्हणतो सिम खराब. बघू म्हटलं. इ.चं सिम काढून अम्मींच्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. (अम्मी म्हणजे सासूबाई. त्यांचा फोन घरात कधीही वाजतो, अगदी मोरीत ठेवला तरी.) सिम घेईचना. स्क्रीनवर आलं, हा फोन फक्त आमच्याच कंपनीच्या सिमवर चालेल.

अम्मी : "बघ, माजा फोन इमानदार हाय. दुसऱ्याचं नाय घेत."

इ. इतका हसला की खोकला लागला. त्याच्या हसण्याने बरं वाटलं. पण कोडं तिथेच.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज एक गोष्ट दिसली.

आमच्या गोडाऊनला मोबाईल येतात, ऑनलाइनवाल्यांचे. रोज हातांखालून जातात, खोक्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतं. आज इ.च्या सेटचंच मॉडेल आलं, तोच निळा रंग. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात : फक्त भारतात विक्रीसाठी. घरून इ.ला सेटिंगमधल्या माहितीचा स्क्रीनशॉट पाठवायला लावला. मॉडेल नंबर तोच. शेवटचं अक्षर वेगळं!

वै.ला बोलावलं. तिच्याकडे हाच सेट आहे, इथे पडघ्याला घेतलेला. तिचं अक्षर खोक्यावरच्यासारखं. बाहेरून बघितलं तर दोन्ही सेट जुळे. काच तीच, कॅमेरा तोच, कंपनीचं नाव तेच.

"मंग आत काय येगलं हाय?" वै.

तेच तर.

सुपरवायझरने विचारलं, काय चाललंय, फोन विकत घ्यायचाय का. नाही म्हटलं, वाचतेय फक्त.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डायलिसिसहून येताना इ.ला घरी सोडून सिमकार्ड कंपनीच्या दुकानात गेले. टोकन, खुर्च्या, एसी. काउंटरवरची मुलगी बरी होती. तिने सेट हातात घेतला, सेटिंगमध्ये गेली, खालीवर केलं आणि म्हणाली, "मॅम, ह्यात ते बटणच नाहीये."

कुठलं बटण?

तिने समजावलं ते माझ्या शब्दांत : पूर्वी बोलण्याचा रस्ता वेगळा आणि नेटचा वेगळा. बोलणं जुन्या टू-जीवरून, नेट फोर-जीवरून. आता बोलणंही फोर-जीवरूनच जातं, पण त्यासाठी फोनमध्ये तशी सोय चालू असावी लागते. आणि ती सोय फोनवाली कंपनी देते, एकेका देशासाठी, एकेका सिम कंपनीसाठी वेगवेगळी. दुबईच्या पीसमध्ये आमच्या सिमसाठी ती नाही. म्हणून कॉल आला की बिचारा फोर-जी सोडून टू-जी शोधायला खाली उतरतो. सापडला तर वाजतो. नाही सापडला तर समोरच्याला कव्हरेजबाहेर.

"आणि दांड्या?"

"दांड्या फोर-जीच्या आहेत ना मॅम."

म्हणजे दांड्या खोटं बोलत नव्हत्या. आम्ही त्यांना चुकीचा प्रश्न विचारत होतो.

विचारलं, आमच्या भागात टू-जी का नाही मिळत, आधी तर सगळीकडे मिळायचा. ती मागे बघून हळू आवाजात म्हणाली, कमी करतायत हळूहळू. मग मोठ्याने : "सेट बदला मॅम, आमच्या नेटवर्कमध्ये काही प्रॉब्लेम नाहीये."

१२ नोव्हेंबर, बुधवार

हाफ डे टाकला. फोन कंपनीचं सर्व्हिस सेंटर, कल्याण. तिथला मुलगा दोन मिनिटांत : "ये इंडिया का पीस नहीं है. हम हाथ नहीं लगा सकते."

म्हटलं, सॉफ्टवेअरच तर आहे, इथलं टाका.

"नहीं होता मॅडम. रीजन का लॉक रहता है." मग सिम कुठल्या कंपनीचं ते विचारलं. सांगितल्यावर मान हलवली. "उनका नेटवर्क ही ऐसा है. टू-जी चालू रखते तो आपका फोन बजता."

काल ती म्हणाली सेट बदला, आज हा म्हणतो सिम बदला. दोघेही खोटं बोलत नाहीत, हेच विचित्र. दोघांचंही खरं आहे. आणि मधे इ.

बसमध्ये वाटलं, त्या मुलीला आणि ह्या मुलाला एका बाकावर बसवावं. भांडणार नाहीत. दोघांनाही माहीतच नाही दुसऱ्याच्या दुकानात काय चालतं ते.

१६ नोव्हेंबर, रविवार

वैशाली आली, जेवायलाच. अम्मींनी सांदणं केली होती. जेवून झाल्यावर तिने आपल्या सेटमधून सिम काढलं आणि इ.चं घातलं. सेटिंग उघडलं. बटण होतं. चालू होतं. रेंजच्या शेजारी बारीक अक्षरं उमटली जी इ.च्या सेटवर कधीच नसतात.

इ. तो सेट घेऊन कारखान्यात गेला, अगदी मागे, सुताची बिमं ठेवतात तिथे. लूम चालू होते. मी घरातून लावला. पहिल्या रिंगला उचलला. "हॅलो" ऐकू आलं नाही, फक्त खटखट खटखट. तरी मी आणि वै. ओरडलो.

परत आल्यावर इ.ने सेट वै.च्या हातात दिला. म्हणाला, "अल्ताफला नको सांगूस. त्याला वाटंल त्याच्यामुळं किडनी गेली."

मी म्हटलं, त्याच्यामुळे नाही.

"मला म्हायती हाय. त्याला वाटंल."

इ.चं सिम आता माझ्या जुन्या सेटमध्ये, काचेला तडा आहे तो. इथलाच घेतलेला. वाजतो. दुबईचा सेट डायलिसिसला पिक्चर बघायला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मिटलं असं वाटून झोप लागली. पण मिटलेलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, माझ्या फोनवर रिंग गेली. माझा सेट इथला. बटण आहे. चालू आहे. माझं सिम वेगळ्या कंपनीचं. मग माझा का नाही वाजला?

वै. म्हणते, कदाचित मॅडमनी नंबरच चुकीचा लावला असेल. असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं.

जेवणाच्या सुट्टीत फोनच्या सगळ्या खणांत शिरत होते. कॉल लिस्टच्या वर तीन टिंबं, त्यात एक वेगळा कप्पा : स्पॅम आणि ब्लॉक केलेले. मी तो कधी उघडलाच नव्हता. आत लोनवाले, प्लॉटवाले. आणि रविवार, दोन तारीख, संध्याकाळ. ठाण्याचा लँडलाइन नंबर. एकाखाली एक, एकाखाली एक.

मोजले नाहीत. फोन उलटा ठेवला.

पुढे डबा खाल्ला नाही. वै.ने माझा फोन घेतला, बघितला, पाठीवर हात ठेवून बसली. गाड्या लागल्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न मारत होते.

ह्या फोनने मला विचारलं नाही. स्वतःच ठरवलं.

इ.ला संध्याकाळी दाखवलं. मला वाटत होतं आता तरी चिडेल. त्याने चष्मा लावून कप्पा नीट बघितला. "ह्यात माजी आत्या पण हाय की." खरंच होती. आत्यांनी नवीन नंबर घेतला होता, त्या गेल्या ईदपासून माझ्यावर रुसून आहेत की शाहीन फोन उचलत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डाय. मॅडमना भेटले, कप्पा दाखवला. त्यांनी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डचा नंबर ओळखला आणि कपाळाला हात लावला. "अहो, ह्याच नंबरवरून खालचे बिलिंगवाले, हेल्थ चेकअपच्या ऑफरवाले, सगळे फोन करतात दिवसभर. लोकांनी टाकला असेल स्पॅममध्ये."

म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, चेकअपच्या ऑफरला कंटाळून एक बटण दाबलं. तसं हजारांनी दाबलं असेल. मीही दाबलं असतं.

मॅडमना म्हटलं, मला एक बघायचंय, पाच मिनिटं द्याल? मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "सांगा, काय करू?"

त्यांनी बोर्डवरून माझ्या नंबरवर लावला. फोन माझ्या तळहातावर. स्क्रीन काळा. मॅडमच्या कानात रिंग जातेय, "वाजतोय ना?" विचारतायत. माझ्या हातात काहीच नाही. थरथरसुद्धा नाही. आम्ही दोघी त्या फोनकडे बघत होतो.

मग माझं सिम इ.च्या तडा गेलेल्या सेटमध्ये घालून लावला. वाजला! वर लिहून आलं, संशयित स्पॅम. पण वाजला.

म्हणजे : शिक्का मारते सिमवाली कंपनी. आवाज दाबते फोनवाली कंपनी. नुसता शिक्का असता तर वाजला असता. दाबणारा असता आणि शिक्का नसता तरी वाजला असता. दोघांनी आपापल्या परीने माझं भलंच केलं.

मॅडम म्हणाल्या, "रविवारी चार पेशंटना फोन केले होते. दोघांचे लागले नाहीत. आम्ही लिहितो, नॉट रीचेबल. मला वाटायचं लोक निष्काळजी आहेत." मग लगेच, "तुम्हाला उद्देशून नाही."

माहीत आहे म्हटलं.

नंबर सेव्ह केला. त्याला आता वेगळी रिंगटोनही आहे. तो गाळणीचा ऑप्शन बंद केला. दिवसभर लोनवाले. येऊ देत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहायला आठवडा गेला. शनिवारी इ.च्या हाताची नस बंद पडली. फिस्तुला. डायलिसिसची सुई तिथेच लागते. हाताला कान लावला की आतून मांजरासारखी घुरघुर येते, रोज सकाळी तो ऐकतो. शनिवारी नव्हती. ॲडमिट, तार घालून उघडली, परत घुरघुरते. डॉक्टर म्हणाले किती दिवस चालेल सांगता येत नाही, दुसरा हात आधीच वापरून झालाय.

आज पहिल्यांदा तो मॅचच्या संध्याकाळबद्दल बोलला. "मी काय बघत होतो म्हायतीय? मॅच पण नाय. मॅच थांबली होती, जाहिराती चालू होत्या."

२९ नोव्हेंबर, शनिवार

डाय. हॉलमध्ये आज गंमत. मॅडम एकेका खाटेपाशी येऊन बोर्डवरून फोन लावायला सांगतायत आणि वाजतो का बघतायत. कोणाचा वाजतो, कोणाचा नाही. कोपऱ्यातल्या आजोबांच्या सेटमध्ये दोन सिमं, हॉस्पिटलला दिलेला नंबर रिचार्जअभावी कधीच बंद. एका मावशींचा फोन मुलाकडे, मुलगा नाशिकला.

मला बोलावलं, "शाहीनताई, हा बघा जरा." मी बघितला. काही समजलं नाही. सगळी बटणं चालू, रेंज आहे, कप्पा रिकामा, तरी वाजत नाही. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

४ डिसेंबर, गुरुवार

त्या सेटचं कळलं. बॅटरी वाचवायला फोन कंपनी नुसत्या पडून असलेल्या फोनला झोपवते म्हणे, आणि काही सेट इतके गाढ झोपतात की उठायला वेळ लागतो. खरं की खोटं माहीत नाही, त्या पेशंटच्या भाच्याने सांगितलं. त्याने ती सेटिंग बंद केली तर वाजायला लागला.

प्रत्येक वेळी वाटतं, हे शेवटचं. खाली आणखी एक निघतंच.

अल्ताफला कोणीतरी सांगितलंच. अम्मींनी, दुसरं कोण. रडत होता फोनवर. इ. त्याला म्हणाला, "अरे, तुझ्या फोनमुळं मी दोन वर्षं त्या मशीनवर पडून राहू शकलो." खरं आहे तेही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हॉस्पिटलमध्ये लिहितेय. चौथा मजला, बाक.

दुपारी गोडाऊनला असताना माझा फोन वाजला, ती वेगळी रिंगटोन. हातातलं स्कॅनर पडलं. मॅडम : "लगेच निघा. इरफानभाईंशी बोलणं झालंय, ते निघाले. उपाशीच येऊ द्या." वै.ने माझी पर्स, डबा सगळं हातात कोंबलं. "जा गो. मी बघतंय हितलं."

इ. जुम्म्याच्या नमाजहून परतत होता. त्याचा आधी वाजला, कारखान्याच्या दारात. तो माझ्याआधी पोचला. रक्त घेतलं. जुळतंय का ते बघायला काही तास लागतात.

मॅडम बाहेर आल्या. "आधीच सांगते, तुम्ही दुसरे आहात. पहिल्या पेशंटचा फोन लागत नाहीये. कव्हरेजबाहेर. शहापूरच्या पलीकडचं गाव आहे. नाही लागला तर तुम्ही पहिले."

इ.ने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे.

खोटं कशाला लिहू, मी लगेच बोलले नाही. त्याच्या हाताकडे बघत होते, फिस्तुल्याच्या हाताकडे. मॅडम वळल्या, आत निघाल्या. वाटलं जाऊ दे. आमच्या वेळी कोण बोललं होतं?

इ. म्हणाला, "सांग त्यांना."

म्हटलं, "तू सांग."

"मला नाय जमत नीट. तुला जमतं."

उठले. मॅडमना म्हटलं, साधा नाही लागत तर व्हॉट्सॲपवरून करून बघा. तो नेटवरून जातो, टू-जी लागत नाही त्याला. हॉस्पिटलचा नाही, तुमच्या स्वतःच्या फोनवरून करा. त्यांनी तिथेच, माझ्यासमोर केला.

लागला. बाईचा आवाज होता. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण मधेच ती ओरडून कोणाला तरी हाक मारायला लागली, ते ऐकू आलं.

ते निघालेत. जीपने. मॅडम आत गेल्या, जाताना माझा खांदा दाबून गेल्या. म्हणाल्या, "वेळेत आले तर त्यांचंही रक्त बघावं लागेल. कोणाचं जुळतं, ते आत्ता कोणीच सांगू शकत नाही."

अस्रची, दुपारनंतरची नमाज इथेच बाकावर पढले. दुआला हात उचलले, आणि मागायला शब्द सापडेना. तसेच खाली घेतले.

इ.ला तहान लागलीय, पाणी द्यायचं नाही. हाताला कान लावून बसला होता, घुरघुर आहे म्हणाला. आता उठून लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलाय. ये बस म्हटलं तर म्हणतो, "बघतो. कोण हाय तो, बघायचंय."

लिफ्ट वर आली की पुढे होतो. दोनदा सिस्टर आल्या, एकदा जेवणाची ट्रॉली. परत खाली गेली. आता पुन्हा वर येतेय.